कॅस्टिलच्या राणीच्या लेकी

रियाधमध्ये मी ज्या मुलीला शिकवत असे, तिला स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य, ग्रॅनाडा, का पडलं यावर प्रबंधिका लिहायची होती. ती मुलींच्या कॉलेजात इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात ग्रॅनाडाचं नाव निघालं की आजोबा डोळे पुसतात, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तिच्या बाईंचं म्हणणं मात्र वेगळं होतं. लढाईकडे नंतर बघा, आधी लग्नाकडे बघा, असं त्या वर्गात म्हणाल्या होत्या. कॅस्टिलच्या राजकन्येचं ॲरागॉनच्या राजपुत्राशी लग्न झालं, दोन राज्यं एका घरात आली, आणि तिथेच ग्रॅनाडाचं भवितव्य ठरलं. या लग्नावरची पुस्तकं इंग्रजीत होती आणि तिचं इंग्रजी बोलण्यापुरतं बरं, वाचताना अडायचं. मी इतिहासात एम.ए. केलेलं, गावी दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलेलं, आणि लग्नानंतर रियाधच्या मलाझ भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एसीची घरघर ऐकत बसलेली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी ओळख करून दिली. आठवड्यातून तीनदा, दुपारची, असरची नमाज झाली की तिची गाडी मला न्यायला येई.

पहिले काही आठवडे मजेत गेले. राजकन्या अठराची. सावत्र भाऊ राजा, त्याला तिला पोर्तुगालच्या वयस्कर विधुर राजाला द्यायचं होतं. तिनं गुपचूप ॲरागॉनच्या मुलाला होकार कळवला. सतरा वर्षांचा तो पोरगा खेचरवाल्यांच्या नोकराचं सोंग घेऊन तिच्या राज्यात शिरला. वाटेत एखाद्या सरायीत उतरले की तो जनावरांना चारा घाली आणि स्वतःच्याच माणसांना जेवण वाढी. माझी विद्यार्थिनी हे वाचून इतकी हसली की तिच्या आईनं आत येऊन चौकशी केली.

पण तिला खरी आवडली ती लग्नाआधीच्या करारातली कलमं. नवरा कॅस्टिलमध्येच राहील, राणीच्या संमतीशिवाय राज्याबाहेर जाणार नाही, तिला विचारल्याशिवाय कुणाला पदावर नेमणार नाही, हुकमांवर दोघांच्या सह्या होतील.

"माझ्याही करारात अट आहे," ती म्हणाली. तिचं लग्न तिच्या चुलतभावाशी ठरलं होतं आणि त्यावर ती खूश होती. "शिक्षण पूर्ण करू द्यायचं. आजोबांनी स्वतः लिहून घेतली. तुमच्या करारात काय अटी होत्या?"

"आमच्यात करार नसतो," मी म्हटलं. "पत्रिका असते."

"पत्रिकेत काय लिहितात?"

"तारीख, वेळ, स्थळ आणि आपल्या येण्याने शोभा वाढेल."

ती हसली. मीही हसले. पण करार नव्हता हे काही खरं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन होते. माझे सासरे पंचायत समितीचे सभापती. दोघांनी दहा वर्षं एकमेकांची माणसं फोडली, एकमेकांवर केसेस घातल्या. मग एका वजनदार पुढाऱ्यानं दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं, की सोयरीक करा आणि तालुका शांत करा. मला स्थळ दाखवलं तेव्हा या गोष्टी मला माहीत होत्या. मुलगा कॉम्प्युटरमधला होता, शांत होता, मला आवडला, म्हणून मी बाकीचं मनावर घेतलं नाही. तोही त्या सगळ्याला कंटाळलेला होता. रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत माणसं पुरवणाऱ्या कंपनीची नोकरी आली तेव्हा तो मला म्हणाला, "तिथे कुणी विचारणार नाही, तू कुणाचा मुलगा." तीन वर्षं आम्ही तिथे खरोखर सुखात होतो.

एक दिवस तो नेहमीसारखा ऑफिसात गेला. दुपारी जेवून आला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. चौतिसाव्या वर्षी. मला टॅक्सीनं नेलं तोवर त्याला हॉस्पिटलमधून शवागारात हलवलं होतं.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडची एक भाभी राहत असे. तिच्या नवऱ्याचं कोपऱ्यावर किराण्याचं दुकान. ती रोज डबा घेऊन वर यायची आणि समोर बसून मला दोन घास खायला लावायची. तिचा नवरा माझ्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात येई, कारण एकट्या बाईला तिथे बसवून ठेवत आणि तिच्याशी बोलायला कुणी येत नसे. कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा एक मंदूब होता. सगळं त्याच्या हातात. आमचे दोघांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्यावर टेकलेला. तो गेला तसा माझा परवानाही लटकला.

अठरा दिवसांनी मंदूबनं सांगितलं, की शव पाठवायचे कागद तयार आहेत.

"आणि माझे?"

"तुमची फाइल आधी कंपनीच्या नावावर व्हायला पाहिजे. मग देशाबाहेर जायचा एक्झिट व्हिसा. बुक्रा, इन्शाल्ला."

बुक्रा म्हणजे उद्या. मी म्हटलं, माझे कागद होईपर्यंत त्यालाही थांबवा. रात्रंदिवस एवढंच मागत होते. पण सासऱ्यांनी कंपनीला फॅक्स केला, की विलंब न करता पाठवा, इथे लोक खोळंबलेत. त्याच्या पासपोर्टवर कायमच्या एक्झिटचा शिक्का बसला. तो गेला, मी राहिले.

त्याचा अंत्यविधी मी फोनवर ऐकला. माझ्या धाकट्या बहिणीनं कुणाचा तरी मोबाइल हातात उंच धरला होता. मला नुसती गर्दी ऐकू येत होती. कोणीतरी माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं करत होतं. पुढाऱ्यांची नावं घेतली जात होती. माझ्या धाकट्या दिरानं अग्नी दिला. मग माझं फोनचं कार्ड संपलं आणि फोन तुटला.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या बराच वेळ रडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? पाळी आली का गं तुला?"

मी म्हटलं, "आली आत्याबाई."

फोन त्यांनीच ठेवला. त्यानंतर त्या घरातून मला कुणी फोन केला नाही.

माझी विद्यार्थिनी आईबरोबर भेटायला आली तेव्हा थर्मासमध्ये कॉफी आणि खजूर घेऊन आली होती. त्यांच्यात विधवेनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून तिला वाटलं मीही ते पाळत असणार. ती म्हणाली, "आता मीच इकडे येत जाईन. शिकवायचं नसेल तर नुसती बसेन." मी म्हटलं, शिकवते. नाहीतर त्या दोन खोल्यांनी मला गिळलं असतं.

आम्ही राणीच्या मुलांपर्यंत आलो होतो. एक मुलगा, चार मुली. मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला. मुली एकेक करून बाहेर पाठवल्या, जिथे राज्याला मित्र हवा होता तिथे. सगळ्यात धाकटी इंग्लंडला. पंधराव्या वर्षी बोटीत बसली, लग्न झालं, पाच महिन्यांत नवरा मेला. दरबारानं आधी वाट पाहिली, पोटात काही आहे का. नाही म्हटल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न उरला. सासरा तिला परत जाऊ देईना, बाप बोलावून घेईना. सोयरीक मोडायची नव्हती म्हणून तिला धाकट्या दिराला द्यायचं ठरलं, आणि तो दीर वयात यायची वाट बघत तिला सात वर्षं तिथे ठेवलं. अंगावर घालायला धड कपडे उरले नाहीत, असं ती बापाला लिहीत असे.

माझी विद्यार्थिनी वाचता वाचता थांबली. "उस्ताझा," बाईंना म्हणतात तसं ती मला म्हणे, "हे पान पुढच्या वेळी करू या का?"

"नको," मी म्हटलं. "वाच."

कंपनीत मी जात राहिले. बुक्रा. मंदूब सुट्टीवर आहे. फाइल जवाजातला, म्हणजे पासपोर्ट खात्यात, गेली आहे. फाइलमध्ये एक सही कमी आहे. घरमालकाचा माणूस दारावर येऊन भाडेकरार कुणाच्या नावावर होणार विचारून गेला. माझा इकामा संपायला आला होता. तो संपला की मी बेकायदा, आणि बेकायदा माणसाला पकडलं तर तुरुंगातून घरी पाठवतात. एक दिवस मी भाभीला म्हटलं, पोलीस पकडतील तर बरं, निदान विमानात तरी बसवतील. भाभीनं माझ्या दंडाला धरलं. "असा नको बोलू गो. तुरुंगात बाया कशा ऱ्हवतत, तुला काय ठाव?"

भारतातून आपणहून फोन करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी धाकटी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलजवळच्या बूथवरून एक-दोन मिनिटंच बोलायची. "ताई, जेवलीस का? काय जेवलीस ते सांग." खोटं बोलले तर तिला कळायचं.

मग एके सकाळी आबांचा फोन आला.

"पोरी, तुझ्या एक्झिटचं बघतोय मी. खासदारांना भेटलो. होईल."

"आबा, लवकर करा. मला इथे एकटं राहवत नाही."

"करतो. एक बोलायचं होतं. तुझे सासरे परवा आले होते घरी. ते म्हणतात, सून परकी होऊ नये. धाकट्याचं अजून झालेलं नाही. पुढच्या वर्षी तो जिल्हा परिषदेला उभा राहतोय. घरात मयत झालं की कार्य वर्षाच्या आत करावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबा. म्हणून घाई."

मला समजायला वेळ लागला. त्या दिरानं माझ्या लग्नात माझा भाऊ होऊन स्वतःच्याच भावाचा कान पिळला होता. मी त्याला भाऊजी म्हणत असे, तो मला वहिनी.

"आबा, तो माझ्या नवऱ्याचा भाऊ आहे."

"म्हणूनच तर. घर तेच, माणसं तीच. तुला नव्यानं काही करायला नको."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग दूध संघ गेला समज. आणि बाहेर काय तोंड दाखवू मी? विचार कर. तुझ्या सासऱ्यांनी कंपनीला पत्र दिलं की एक्झिट लवकर होतंय, असं कंपनीचा इथला एजंट म्हणाला."

म्हणजे पत्र अजून दिलंच नव्हतं. तिथे ते म्हणतील तसं केलं तर इथून सुटका, आणि नाही केलं तर इथेच. मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि सांगितलं, "आबा, माझ्याच्यानं हे होणार नाही. मी इथे सडले तरी चालेल."

आबा म्हणाले, "मग माझ्या दारात येऊ नकोस." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ही सगळी हकिगत मी विद्यार्थिनीला सांगितली. दुसऱ्या कुणाला सांगणार. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कंपनीच्या मालकाचं आडनाव काय?" मी सांगितलं. ती घरी गेली. तिच्या आजोबांनी त्या मालकाच्या थोरल्या भावाला फोन केला. इतक्या आठवड्यांत न हललेली फाइल चार दिवसांत हलली. मंदूब स्वतः भाभीच्या नवऱ्याच्या दुकानात येऊन म्हणाला, "खलास, मॅडमचा पासपोर्ट शनिवारी घेऊन जा."

जायची तयारी सुरू असताना आमचा शेवटचा तास झाला. तिनं राणीच्या घराण्याची वंशावळ एका मोठ्या कागदावर काढून आणली होती, मुलींची नावं हिरव्या शाईत. ती बोट फिरवत तपासत होती. पोर्तुगालच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं.

"इथे माझी चूक झाली आहे का? थोरली या राजाला दिली. ती बाळंतपणात गेली. आणि तिसरीच्या पुढेही हाच राजा लिहिलाय."

"चूक नाही," मी म्हटलं. "थोरली गेली म्हणून तिसरीला दिली. करार दोन माणसांचा नव्हता, दोन घरांचा होता. माणूस बदललं तरी करार चालू राहतो."

वर्गात सांगावं तसं मी हे सांगितलं. बोलून झालं आणि मी कागद बाजूला सारला. तिनं विचारलं, काय झालं. मी उठून फोन शोधायला लागले. कार्डावरचा नंबर खरवडताना माझं नख तुटलं.

फोन आईनं उचलला.

"आई, ती कुठे आहे? हॉस्टेलवर?"

"घरीच आहे. आत आहे."

"कॉलेज चालू असताना घरी का आहे? तिला दे."

"आत्ता नाही देता येणार," आई म्हणाली. तिच्यामागे कपबशांचा आवाज येत होता, पुरुषांचं बोलणं येत होतं. "पाहुणे आलेत. तुझ्या सासरचेच आहेत. काय करू गं मी."

"आबांना दे."

आबा फोनवर आले. मी काही विचारलं नाही. म्हटलं, "आबा, मी तयार आहे. मी करते त्याच्याशी लग्न. शनिवारी पासपोर्ट मिळतोय, आठवड्यात येते. तिला सोडा. तिचं शिक्षण होऊ द्या."

"आता उशीर झाला," आबा म्हणाले. "सुपारी फुटली. आणि त्यांनाही आता तीच बरी वाटते. कोरी पोरगी आहे." शेवटचं वाक्य ते हळू बोलले, पण बोलले.

मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, मी तयार आहे. कार्ड संपेपर्यंत. माझ्या विद्यार्थिनीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ती जमिनीवर माझ्याशेजारी बसून होती, आणि तिची वंशावळ खुर्चीखाली गेली होती.

मुंबईच्या विमानतळावर मला घ्यायला कुणी आलं नाही. मी एसटीनं पुण्याला मैत्रिणीकडे गेले. बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात झालं. मला बोलावणं नव्हतं, आणि असतं तरी विधवा बहिणीला मांडवात कुठे बसवणार होते. पुण्यात एका शाळेत मला नोकरी लागली. रियाधहून एक ईमेल आली. प्रबंधिका स्वीकारली गेली होती, लग्नही झालं होतं, नवऱ्यानं अट पाळली होती, ती पुढे शिकणार होती. मी तिला अभिनंदनाच्या दोन ओळी लिहिल्या. त्याहून जास्त लिहिता आलं नाही.

जिल्हा परिषदेचा तो गट निवडणुकीत महिलांसाठी राखीव झाला. दिराऐवजी माझी बहीण उभी राहिली आणि निवडून आली. नव्या सदस्यांचं पुण्यात प्रशिक्षण होतं. एका दुपारी ती माझ्या खोलीवर आली. काठपदराची साडी, डोक्यावरून पदर, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. तिचा हात धरून मी आधी विचारलं, "तुला तो त्रास देतो का?"

"नाही देत," ती म्हणाली. "चांगलं वागतो. कागद आणतो, मी सह्या करते." तिनं बाळाला गादीवर ठेवलं. "तुझ्याबद्दल घरात बोलायचं नाही, एवढंच आहे."

"मी नंतर हो म्हटलं होतं. फोन केला होता. तुला सांगितलं का कुणी?"

"आईनं सांगितलं. लग्न झाल्यावर सांगितलं."

"मग?"

"मग काय ताई. आधी सांगितलं असतं तर मीच तुला हो म्हणू दिलं नसतं. तुला दिराशी लग्न करायला लावून मी बी.एस्सी. कशी केली असती?" ती खिडकीकडे बघत होती. "पण तू पहिल्यांदा नाही म्हणालीस ना, तेव्हा माझ्यासाठीसुद्धा नाही म्हणायला हवं होतंस. 'आम्ही दोघीही नाही,' असं. तेव्हा तुला माझी आठवण झाली नाही."

"नाही झाली," मी म्हटलं. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं.

ती रागावली नव्हती. ती रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिनं माझ्या शाळेचं विचारलं, स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, बाळाला पाजलं. चार वाजता ड्रायव्हरनं खाली हॉर्न वाजवला. तिनं पदर सारखा केला, बाळाला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. मी वरून बघत राहिले. मागच्या सीटवर सहीसाठी फाइली ठेवल्या होत्या. त्या सरकवून तिनं बसायला जागा केली.